खेळून घर चालते का? जुगाराचा साधा हिशोब

दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा असेही म्हणतात. त्या दिवशी घरात पत्त्यांचा डाव मांडायचा, चार आणे-आठ आणे नाहीतर शेंगदाणे लावायचे आणि आतून जेवणाची हाक आली की डाव मोडायचा, हे आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिले आहे. त्या खेळाबद्दल आमची काही तक्रार नाही. पण अलीकडे बेळगाव परिसरातल्या आपल्या घरांतून एक वेगळेच वाक्य कानावर येते : "नोकरीत काय मिळतंय? त्यापेक्षा खेळून जास्त सुटतात." कोणी ओसी-मटक्याच्या आकड्यांवर, कोणी मोबाइलवरच्या रमीवर, तर कोणी चोर्ला घाट उतरून पणजीच्या कॅसिनोत नशीब आजमावतो. हौस म्हणून नव्हे, त्यावर घर चालवायचे म्हणून.

रागावून किंवा उपदेश करून हे थांबत नाही, असा आमचा अनुभव आहे. म्हणून इथे फक्त हिशोब मांडत आहोत. घरातल्या तरुणाला शेजारी बसवून, कागद-पेन्सिल घेऊन तो करून पाहावा.

खेळवणाऱ्याचा वाटा

मटक्यात शून्य ते नऊ असे दहा आकडे असतात. एका आकड्याचा सर्वसाधारण भाव एकाला नऊ. समजा, आपण दहाही आकड्यांवर शंभर-शंभर रुपये लावले. हजार रुपये गेले आणि कोणताही आकडा आला तरी हातात नऊशेच आले. म्हणजे दर हजारामागे शंभर रुपये खेळवणाऱ्याचे. आपण एकाच आकड्यावर लावले तरी दीर्घकाळात सरासरी हीच राहते. आकडा लागला की त्याची गल्लीभर चर्चा होते. न लागलेल्या आकड्यांचा हिशोब मात्र कोणी ठेवत नाही.

कॅसिनोतल्या रूलेटच्या चाकावर एक शून्य आणि १ ते ३६ असे ३७ खाने असतात. आपल्या आकड्यावर गोळी थांबली तर लावलेल्या रुपयासह ३६ रुपये मिळतात. खाने ३७ आणि परत ३६. म्हणजे कॅसिनोचा वाटा सुमारे २.७ टक्के. हा आकडा किरकोळ वाटतो. पण तासाला ४० डाव, दर डावाला ५०० रुपये असे खेळले तर तासाभरात २० हजारांची उलाढाल होते आणि त्यातले सरासरी ५४० रुपये जातात. रोज सहा तास, महिन्याला २५ दिवस असे 'कामावर' गेले, तर महिन्याकाठी सरासरी ८१ हजारांचा तोटा. ज्या चाकावर दोन शून्ये असतात, तिथे हा तोटा जवळजवळ दुप्पट होतो.

मुख्य मुद्दा इथेच आहे. वर्षातून एकदा गेलेला पाहुणा जिंकून परत येऊ शकतो. पण ज्याला खेळावर पोट भरायचे आहे, त्याला रोज खेळावे लागते; आणि जितके डाव जास्त, तितका निकाल सरासरीच्या जवळ जातो. इतर धंद्यांत जास्त काम केले की जास्त मिळते. इथे जास्त खेळले की तोट्याची खात्री वाढते.

'दुप्पट लावत जा' ही युक्ती

हरलो की पुढच्या डावाला दुप्पट लावायचे, म्हणजे कधीतरी सगळे वसूल होते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. शंभरापासून सुरुवात करून लाल-काळ्यावर सलग आठ वेळा हरलो, तर २५,५०० रुपये गेलेले असतात आणि नवव्या डावाला २५,६०० लावावे लागतात. तेही केवळ शंभर रुपये सुटावेत म्हणून. एका शून्याच्या चाकावर अशी आठ हारांची माळ साधारण दोनशे प्रयत्नांत एकदा येते. तोवर शंभर-शंभर करून वीस हजार जमले असतील, तर एका फटक्यात साडेपंचवीस हजार जातात. शिवाय प्रत्येक टेबलावर कमाल रकमेची मर्यादा असते, त्यामुळे दुप्पट करत राहणेही शक्य होत नाही.

"पण माझ्या खेळात कौशल्य आहे"

रमी किंवा पोकरमध्ये कौशल्य असते, हे खरे. पण प्रत्येक डावातून खेळवणारा आपला वाटा काढतो. उदाहरण म्हणून चौघांनी हजार-हजार लावले आणि त्यातले दहा टक्के खेळवणाऱ्याने घेतले, असे धरू. जिंकणाऱ्याला ३,६०० मिळतात. चौघेही सारख्याच ताकदीचे असतील, तर चार डावांत प्रत्येकाचे चार हजार जातात आणि ३,६०० येतात. चौघेही तोट्यात, फायद्यात फक्त खेळवणारा. हा वाटा भरून काढून वर घरखर्च निघेल इतके आपण समोरच्या प्रत्येकापेक्षा सरस आहोत का, हे वहीत लिहिलेल्या जमा-खर्चावरूनच ठरते; आठवणीवरून नाही. आठवणीत जिंकलेले डावच राहतात.

त्यात आता कायदाही बदलला आहे. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या कायद्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई आहे, मग तो खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. त्यानंतर मोठ्या ॲप्सनी असे खेळ बंद केले. आता कोणी परदेशी ॲपची लिंक पाठवत असेल, तर तिथे भरलेले पैसे अडकल्यावर दाद मागायला जागा नाही. पैजेचा करारच मुळी १८७२ च्या करार कायद्यानुसार रद्दबातल असतो, त्यामुळे जिंकलेली रक्कम कोणी दिली नाही तरी तिच्यासाठी दावा लावता येत नाही.

कर आणि घरखर्च

जुगारात जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के आयकर आणि त्यावर ४ टक्के उपकर लागतो. पगारदाराला मिळते तशी करमुक्त मर्यादा या उत्पन्नाला नाही, आणि खेळासाठी केलेला खर्चही वजा होत नाही. समजा, वर्षभरात कॅसिनोत वेगवेगळ्या दिवशी चार लाख जिंकले आणि इतर दिवशी साडेचार लाख हरले. प्रत्यक्षात ५० हजारांचा तोटा झाला. तरी हरलेली रक्कम वजा करता येत नसल्याने चार लाखांवरचा कर म्हणून १,२४,८०० रुपये देणे लागतात.

घराचे भाडे, कर्जाचा हप्ता, मुलांची फी यांना खेळातली हार-जीत कळत नाही. दोन लाखांचे भांडवल आणि महिना वीस हजारांचा घरखर्च असेल, तर तीन महिने काहीच न जिंकता गेले की एकही रुपया न हरता साठ हजार संपलेले असतात. मग उरलेल्यातून मोठे डाव लावण्याचा मोह होतो. याखेरीज भविष्य निर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, बँकेत दाखवायला पगाराची पावती नाही.

जामीनदाराचे काय?

आपल्या भागात ही झळ एका घरापुरती राहत नाही. आधी भिशीचे पैसे जातात, मग दागिने गहाण पडतात, मग पतसंस्थेचे कर्ज. त्या कर्जाला मामा, मेहुणा किंवा शेजारचे काका जामीनदार असतात. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हप्ते थकले की ज्याने आयुष्यात पत्त्याला हात लावला नाही, त्याच्या पगारातून वसुली सुरू होते. म्हणून सही करण्यापूर्वी कर्ज कशासाठी, हे स्पष्ट विचारावे. त्यात संकोच कसला?

गोव्याचे एक उदाहरण बोलके आहे. मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या करू देणाऱ्या गोवा सरकारने २०२० मध्ये स्वतःच्या रहिवाशांना तिथे खेळायला मनाई केली. बाहेरून येणाऱ्यांना मात्र दार उघडे आहे, आणि ते बाहेरचे म्हणजे आपणच.

घरात कोणी यात अडकले असेल, तर सर्वप्रथम एकूण देणे किती, हे एका कागदावर खरे-खरे लिहून काढावे. "या एकदाच फेडा" म्हणून रोख रक्कम हातात न देता, देणे थेट सावकाराच्या किंवा संस्थेच्या खात्यावर फेडावे. जुगाराचे व्यसन हा वैद्यकशास्त्राने मान्य केलेला आजार आहे, त्यावर उपचार होतात. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी विनामूल्य आहे. आणि मंडळाचे दार आहेच. इथे झालेले बोलणे इथेच राहते.

पाडव्याचा डाव जरूर मांडू या. जेवणाची हाक आली की उठता आले पाहिजे, एवढेच.