खोकला घशात, मूळ पोटात?

ताप नाही, सर्दी कधीच गेली, पण खोकला काही जाता जात नाही. लेक्चरमध्ये ढास लागते, ऑनलाइन मीटिंगमध्ये माइक म्यूट करावा लागतो आणि रात्री आडवं झालं की उबळ आलीच. मेडिकलमधून आणलेल्या दोन बाटल्या संपल्या, हळदीचं दूध झालं, आल्याचा काढाही झाला. तुमचंही असंच चाललंय? मग एकदा पोटाकडे बघा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं तर होत नाहीये ना?

आठ आठवड्यांहून जास्त टिकणाऱ्या खोकल्याला डॉक्टर जुनाट खोकला म्हणतात. त्याची नेहमी सापडणारी तीन कारणं म्हणजे नाकातून घशात उतरणारा स्राव, दमा आणि ॲसिड रिफ्लक्स.

अन्ननलिका जिथे जठराला मिळते, तिथे स्नायूंची एक झडप असते. ती सैल पडली, की जठरातलं आम्ल उलटं वर येतं. ते थेट घशाशी पोचलं तर खोकला येतोच, पण अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला लागलं तरी तिथल्या नसा खोकल्याची उबळ आणू शकतात. त्यात खोकताना पोटावर दाब येतो आणि आम्ल आणखी वर चढतं. झालं, चक्र सुरू!

‘पण मला छातीत जळजळ होतच नाही!’ असं म्हणाल. काहींना ती खरंच होत नाही. जेवल्यावर, वाकल्यावर किंवा झोपल्यावर खोकला वाढणं, तोंडाला आंबट चव येणं, सकाळी आवाज बसणं, सारखं खाकरावंसं वाटणं, या खुणांकडे लक्ष ठेवा.

आता आपलं रूटीन आठवा. रात्री साडेबाराला बिर्याणी, वर कोल्ड्रिंक आणि लगेच आडवं होऊन रील्स. इथेच बदल करा. जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवा. एकदम भरपेट जेवू नका. तळलेलं, कॉफी, चॉकलेट यातलं काय आपल्याला बाधतं ते ओळखा. सिगारेट आणि दारू बंद. वजन जास्त असेल तर कमी करा. नुसत्या उशा वाढवून मान दुखेल. त्यापेक्षा कॉटच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू सहा-आठ इंच उचला. डाव्या कुशीवर झोपूनही फरक पडतो. मात्र खोकला कमी व्हायला दोन-तीन महिनेही लागू शकतात, तेव्हा चार दिवसांत कंटाळू नका.

आणि हो, हे वाचून स्वतःच निदान करून मोकळे होऊ नका. आपल्याकडे दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी टीबीची तपासणी करायची. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. थुंकीतून रक्त, संध्याकाळचा ताप, घटणारं वजन, दम लागणं किंवा गिळताना त्रास, यातलं काहीही असेल तर लगेच डॉक्टरांकडे जा. ॲसिडिटीच्या गोळ्याही मनाने सुरू करू नका. जळजळ नसेल तर नुसत्या त्या गोळ्यांनी खोकला जाईलच असं नाही.

डॉक्टरांकडे जाताना खोकला कधी येतो, त्याआधी काय खाल्लं होतं, किती वाजता झोपलात, हे आठवडाभर मोबाइलमध्ये टिपून न्या. तिसऱ्या बाटलीपेक्षा त्याचाच जास्त उपयोग होईल.