फायब्रॉइडवर अपंगत्व पेन्शन मिळते का?

तलासरीहून एका मैत्रिणीने विचारलंय: मावशी लष्करातून निवृत्त झालीय, गर्भाशयात गाठी आहेत, अपंगत्व पेन्शन मिळेल का?

सरळ सांगते, नुसत्या गाठींवर नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, फायब्रॉइड त्यात नाही. आपल्याकडे डहाणू-तलासरीत आढळणारा सिकलसेल मात्र आहे. म्हणून रक्त कमी आलं की नुसत्या गाठींना दोष देऊ नका, सिकलसेलचीही तपासणी करून घ्या.

लष्कराचा हिशोब वेगळा. आजार नोकरीमुळे झाला किंवा वाढला, आणि मेडिकल बोर्डाने साधारण किमान २० टक्के अपंगत्व धरलं, तरच. त्यामुळे मावशीची ट्रंक उघड, नोकरीतल्या तपासण्या आणि निवृत्तीवेळचा बोर्डाचा कागद काढ. ऑपरेशन त्यासाठी अडवू नका. ईसीएचएस कार्ड असेल तर उपचार त्यावर होतात.