पऱ्ह्याची राखण

मालगुंडचे नाव काढले की मराठी माणसास केशवसुत आठवतात. १८६६ साली ते या गावी जन्मले. आणि १९९४ साली येथे त्यांचे स्मारक उभे राहिल्यापासून गणपतीपुळ्यास देवदर्शनाला आलेली मंडळी वाट थोडी वाकडी करून इकडेही येतात. आम्हांस आज बोलावयाचे आहे ते त्या वाटेवरच्या मोऱ्यांविषयी. म्हणजे खरे पाहता मोऱ्यांखालच्या पाण्याविषयी. आषाढात तेथे तांबडा लोंढा धावत असतो, मार्गशीर्षात निवळशंख धार असते आणि शिमग्याच्या सुमारास नुसते गोटे उघडे पडतात. नकाशावर अशा प्रवाहास बहुधा नाव नसते. गावात त्याला पऱ्ह्या म्हणतात. मोठ्या नद्यांची चिंता वाहणारे पुष्कळ आहेत. पऱ्ह्याची राखण त्याच्या काठच्या माणसांनीच करावयाची असते, कारण दुसऱ्या कोणाला तो आहे हेच ठाऊक नसते.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. सोलापूरच्या बाजूस जेवढा पडतो त्याच्या चौपटीहून हा जास्त. असे असूनही चैत्र-वैशाखात या जिल्ह्यातील कित्येक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. हे ऐकून घाटावरच्या श्रोत्यास हसू येते, आणि कोकणातल्या श्रोत्यास ते हसू बोचते. याचे कारण आमच्या पायाखाली आहे. वरचा सडा जांभ्याचा. जांभा हा भोकाभोकांचा दगड. पाणी पितो फार आणि धरून ठेवतो थोडे. त्याच्या खाली चिकट मातीचा थर असतो, त्यास काही ठिकाणी शेडी म्हणतात. सड्यावर मुरलेले पाणी या थरापर्यंत उतरते, तेथे अडते आणि उताराच्या दिशेने सरकत सरकत डोंगराच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. हे झरे म्हणजेच पऱ्ह्याचे पावसाळ्यानंतरचे भांडवल. जमिनीचा उतार तीव्र, समुद्र जवळ. तेव्हा हे भांडवल चार-पाच महिन्यांत खर्चून जाते. पाऊस कमी पडतो ही आमची अडचणच नव्हे. पडलेला पाऊस थांबत नाही, ही अडचण.

थांबविण्याचा उपाय आमच्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होता. भात कापून झाले की वाडीतील माणसे एकत्र येऊन पऱ्ह्यावर दगड, माती आणि पालापाचोळा यांचा बांध घालीत, पाट काढून पाणी मळ्यात नेत आणि त्यावर वायंगणचे भात काढीत. बांधाला कोणी श्रमदान म्हणत नसे. ज्याचे शेत पाटावर, त्याच्या घरचा एक माणूस बांधावर, एवढा साधा हिशेब होता. पुढे चाकरमानी मुंबईला गेले, वायंगणचे मळे ओस पडले आणि बांधही गेले. काम पुण्याचे म्हणून चालू नव्हते, गरजेचे म्हणून चालू होते. गरज सरल्यावर पुण्य एकटे टिकले नाही. ही गोष्ट आजच्या स्वयंसेवकाने मनाशी नीट धरावी.

आज त्या बांधाची जागा सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांच्या बंधाऱ्याने घेतली आहे. मोहन धारिया यांच्या वनराई संस्थेने त्याचा पुष्कळ प्रसार केला, म्हणून लोक त्याला वनराई बंधारा म्हणतात. तो घालणे कठीण नाही, पण त्यात काही खुब्या आहेत. पहिली खुबी वेळेची. परतीचा पाऊस संपावा आणि धार अजून जोरात असावी, असा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा काळ साधावयाचा. धार बारीक झाल्यावर घातलेला बंधारा म्हणजे पगार संपल्यावर उघडलेले बचतखाते. दुसरी जागेची. काठ उंच व पक्के आहेत, पात्र अरुंद आहे आणि वरच्या अंगास तळ सपाट आहे, अशी जागा निवडली तर थोड्या पोत्यांत पुष्कळ पाणी अडते. तिसरी पोते भरण्याची. पोते तोंडापर्यंत ठासून भरले तर ते दगडासारखे ताठ होते आणि दोन पोत्यांच्या फटीतून पाणी निसटते. पाऊण भरून तोंड शिवलेले पोते शेजाऱ्याला चिकटून बसते. गवंडी विटांचे सांधे चुकवितो तसे थर चुकवीत रचावे, तळाशी रुंद आणि वर निमुळते ठेवावे, दोन ओळींच्या मध्ये चिकणमाती तुडवून भरावी आणि जादा पाणी जाण्यास मध्यभागी खोलगट वाट ठेवावी. माती काठाची खरवडू नये. पात्रातला साचलेला गाळच पोत्यांत भरावा. त्याने दोन कामे होतात.

पाणी कमरेएवढे तुंबले की गुरे येतात, कपडे धुणाऱ्या बाया येतात, खंड्या येतो, आणि काठच्या विहिरीची पातळी काही आठवडे अधिक टिकते. विहीर बारमाही होईल असे मात्र कोणी सांगू नये. जांभ्याच्या मुलखात तुंबलेले पाणी आजूबाजूने झिरपतच राहते. पण ज्या विहिरीचा तळ मार्चच्या मध्यास दिसत असे, तो एप्रिलात दिसू लागला, तर त्या वाडीतील बायकांच्या डोईवरचे कित्येक हंडे कमी झाले. याहून मोठे आश्वासन देण्याची गरज आम्हांस वाटत नाही.

आता जे सांगावयाचे ते आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. बंधारा घालण्याच्या दिवशी गर्दी असते. शाळेची मुले येतात, सरपंच येतात, फोटो निघतात, नारळ फुटतो, चहा होतो. हे सर्व असावे. परंतु या बंधाऱ्याचे दुसरे काम मे महिन्याच्या अखेरीस असते. आणि त्या दिवशी तेथे तीन माणसे असली तरी पुष्कळ. ते काम म्हणजे बंधारा काढण्याचे. सिमेंटचे पोते आता तागाचे नसते, प्लास्टिकच्या धाग्याचे असते. सहा महिने उन्हात तापले की त्याचे धागे सुटू लागतात. जूनच्या पहिल्या लोंढ्याबरोबर ते पऱ्ह्यातून खाडीत आणि खाडीतून पुळणीवर येते. याच किनारपट्टीवर हिवाळ्यात समुद्रकासवे अंडी घालतात. २००२ साली वेळास येथे सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी राखण्याचे काम सुरू केले, आणि पुढे ते किनाऱ्यावरच्या इतर गावांतही पसरले. म्हणजे एकीकडे पुळणीवर पहारा करावयाचा आणि दुसरीकडे आपणच चिंध्या पाठवावयाच्या, असा प्रकार होतो.

दुसरे कारण माशांचे. पहिल्या पावसात चढणीचे मासे प्रवाहाच्या उलट वर येतात आणि उथळ पाण्यात, भातखाचरांत अंडी सोडतात. कोकणी माणसाला हे सांगावयास नको. त्या रात्री तो बत्ती घेऊन स्वतःच तेथे हजर असतो. वाटेत पोत्यांची भिंत उभी असली तर मासा तेथेच अडतो आणि पकडणाऱ्याच्या हाती आयताच सापडतो. एका वर्षाची चैन होते, आणि पुढे मासे का कमी झाले म्हणून आपणच विचारत बसतो. यास्तव बंधारा घालणाऱ्या मंडळाने काढण्याची तारीखही त्याच दिवशी ठरवावी, आणि नारळ शक्य तर त्या दुसऱ्या दिवशी फोडावा.

पाण्याइतकाच काठ महत्त्वाचा. शहरात नदीकाठी उद्यान असते. खेड्यात त्या जागी राई असते, कोठे देवराई असते. करंज, जांभूळ, उंबर, सातवीण, सुरंगी, बकुळ यांची मुळे काठ धरून ठेवतात आणि सावली पाण्याची वाफ होऊ देत नाही. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल विद्वानांच्या ध्यानी आणून दिले. गावकऱ्यांनी ते देवाच्या धाकाने आधीच राखले होते. आज धाक उरला नाही आणि भक्ती वाढली आहे, तेव्हा राईला भय भक्तीचेच आहे. जीर्णोद्धार म्हणून सिमेंटचा सभामंडप येतो, मंडपाला अंगण लागते, अंगणाला फरशी लागते, आणि फरशीवर पाने पडतात म्हणून झाड जाते.

उत्साही स्वयंसेवकांकडूनही येथे नुकसान होते. स्वच्छता म्हणजे जमीन झाडून लख्ख करणे, अशी आपली घरगुती समजूत. गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला तो गावातली घाण काढण्यासाठी. रानातला पाचोळा ही घाण नव्हे. तो कुजतो, ओल धरतो, त्यात बी रुजते. तो गोळा करून पेटवून देणे म्हणजे राईचे अंथरूण-पांघरूण जाळणे. काढावयाचे ते प्लास्टिक, काच आणि उपटावयाची ती रानमोडी व घाणेरी. लावावयाचे ते काठावर आधीपासून जे उगवते तेच. खाडीच्या तोंडाशी तिवरे असतील तर तेथे हात लावू नये. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीस राज्यभर मनाई केली आहे.

कोणी म्हणेल, ही पऱ्ह्यांची गोष्ट झाली. मोठ्या नदीपुढे दहा माणसांच्या फावड्यांचे काय चालणार? चिपळूणकरांनी याचे एक उत्तर दिले आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी शहरात शिरली, तो पूर २००५ च्या पुराची आठवण पुसून टाकणारा होता. नंतर महिनोन् महिने घरातला चिखल उपसणाऱ्या नागरिकांना कळून चुकले की नदीतला गाळ घमेल्याने निघणार नाही. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी बचाव समिती करून साखळी उपोषण आरंभले, आणि त्यानंतर सरकारी निधी व यंत्रे आली. नाम फाउंडेशननेही गाळ काढण्यास हातभार लावला. तेथे स्वयंसेवा फावड्याची नव्हती, रस्त्यावर बसून मागणी लावून धरण्याची होती. तीही नदीची सेवाच.

दुसरे उदाहरण पंजाबचे. गुरू नानकांच्या स्मृतीशी जोडलेली काली बेईं ही सुमारे १६० किलोमीटरांची नदी जलपर्णी आणि गावोगावचे सांडपाणी यांनी कोंडून गेली होती. २००० साली बलबीरसिंग सीचेवाल यांनी कारसेवेने ती उपसण्यास प्रारंभ केला. त्यांचे खरे शहाणपण जलपर्णी काढण्यात नव्हते, ते तर दिसणारे काम. त्यांनी गावांचे सांडपाणी नदीत न सोडता तळ्यात निवळवून शेतीला देण्याची घडी बसविली. तसे केले नसते तर जलपर्णी पुढच्या वर्षी परत आलीच असती. मालगुंडसारख्या गावी पर्यटकांची वर्दळ वाढत चालली की हाच प्रश्न येणार: निवासांची आणि खाणावळींची मोरी कोठे उतरते? तिची वाट पऱ्ह्याकडे असेल तर बंधारा घालून आपण घाणच साठवू.

आणखी एक व्यवहाराची बाब. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ प्रमाणे नदी-नाल्यांचे पात्र, ते खाजगी ठरले नसेल तर, सरकारचे असते. तेव्हा कामापूर्वी ग्रामपंचायतीचा ठराव आणि तलाठ्याला कल्पना, एवढे करून ठेवावे. काठाच्या मालकाशीही तोंडी नव्हे, लेखी बोलावे. भाऊबंदकीत पाटाच्या पाण्यावरून दावे चाललेले आम्ही पाहिले आहेत.

आणि एक वही ठेवावी. ती शाळेत असावी म्हणजे हरवत नाही, आणि मुलांनी लिहावी म्हणजे अक्षर वाचता येते. पहिला रकाना तारखेचा; दुसरा पऱ्ह्यात कोणत्या खुणेच्या दगडापर्यंत पाणी होते त्याचा; तिसरा वाडीच्या विहिरीची कितवी पायरी उघडी पडली त्याचा. धार ज्या दिवशी तुटली तो दिवस तांबड्या शाईने लिहावा. पाच वर्षांनी कोणी अधिकारी अथवा पाहुणा येऊन बंधाऱ्याचा उपयोग काय झाला असे विचारील, तेव्हा ती वही त्याच्यापुढे ठेवता येईल.