उत्तर वयातील स्नूकरचे स्वप्न

कार्यालयातून थेट क्लबात जाऊन स्नूकर खेळताना ‘नोकरी सोडून हेच का करू नये?’ असा प्रश्न आपल्याला पडत असेल, तर तो हसण्यावारी नेऊ नका. २०२२ साली रॉनी ओ’सलिव्हन ४६व्या वर्षी विश्वविजेता झाला. मात्र तो व्यावसायिक झाला होता १९९२ मध्ये, सोळाव्या वर्षी; हे विसरू नये.

‘क्यू स्कूल’ या पात्रता स्पर्धेतून व्यावसायिक मालिकेत मिळणारा प्रवेश दोनच वर्षांचा असतो. तेथे वेतन नाही. कमाई मुख्यतः बक्षिसांच्या रकमेवरच, आणि प्रवासाचा भार बहुतांशी आपलाच. म्हणून नोकरी राखून आधी राज्य व राष्ट्रीय स्पर्धांत स्वतःला जोखा. तासन्‌तास वाकल्याने मान आणि कंबर आखडते. सरावात अधूनमधून ताठ उभे राहा, पाठीचे व्यायाम चुकवू नका.

मुख्य म्हणजे खर्चाची व काळाची मर्यादा घरच्यांसमवेत बसून ठरवा. ती संपली, तर परतण्यात कमीपणा नाही. पंकज अडवाणी २०१२ मध्ये व्यावसायिक झाले, २०१४ मध्ये ती मालिका सोडून परतले आणि त्यानंतरही जगज्जेते ठरले. मालिका सुटली म्हणून खेळ सुटत नाही.