श्रेय कोणाचे, हमी कोणाची?

संगणकाचा मुक्त कोड कोणीही वाचावा, सुधारावा आणि पुढे द्यावा, अशी मुभा त्याच्या परवान्यानेच दिलेली असते. मग दुसऱ्याने लिहिलेली दुरुस्ती आपण पुढे पाठविली, तर तिच्यावर नाव कोणाचे घालावे? प्रश्न शिष्टाचाराचा दिसतो. परंतु तो तितकाच पुराव्याचाही आहे.

लिनक्सच्या बाबतीत हे स्पष्ट झाले. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली आरंभिलेल्या या कार्यात हजारो हातांची भर पडत गेली. २००३ मध्ये एससीओ कंपनीने आयबीएमवर दावा लावला. आपल्या हक्काचा युनिक्सचा कोड लिनक्समध्ये शिरला, असे तिचे म्हणणे होते. कोणती ओळ कोणाकडून व कोणाच्या हातून आली, हे दाखविता येणे आता अगत्याचे ठरले. २००४ मध्ये टोरवाल्ड्स यांनी दुरुस्तीखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ लिहिण्याची प्रथा सुचविली.

ही ओळ कर्तृत्वाची खूण नव्हे. ती हमी आहे. सही करणारा तिघांपैकी एक गोष्ट सांगतो : हे मी लिहिले असून देण्याचा मला अधिकार आहे, किंवा हे योग्य मुक्त परवान्याच्या कामावर आधारलेले आहे, किंवा अशीच हमी देणाऱ्याकडून आलेले मी जसेच्या तसे पुढे देत आहे. ही नोंद आपल्या नावासह कायम व जाहीर राहील, हेही तो मान्य करतो.

म्हणून तेथील रिवाज असा : दुसऱ्याची दुरुस्ती पाठविताना आरंभीच 'फ्रॉम' या ओळीत मूळ लेखकाचे नाव द्यावयाचे, त्याची सही राखावयाची आणि तिच्याखाली आपली करावयाची. २००५ साली निघालेली गिट प्रणालीही लेखक आणि नोंद करणारा यांची नावे वेगळी ठेवते.

मूळ लेखकाची सहीच नसेल तर? त्याला विचारावे. परवाना स्पष्ट असल्यास आपल्या सहीवर जबाबदारी घ्यावी. मात्र त्याच्या नावाने सही कदापि करू नये. नाव देणे म्हणजे ऋण मान्य करणे. परस्पर सही करणे म्हणजे न दिलेला शब्द दुसऱ्याच्या तोंडी घालणे. या कामात पुष्कळांच्या पदरी नावाखेरीज काही पडत नाही. ते पुसणे अन्यायाचे, आणि ते उसने घेऊन हमी देणे त्याहूनही वाईट, असे आम्हांस वाटते.