धरायला माणूस नको: व्हील चॉकची ओळख

दुचाकीच्या कोणत्याही गॅरेजात थोडा वेळ थांबलं की एक हाक ऐकू येते, ‘धर रे जरा.’ मिस्त्री गाडीशेजारी उकिडवा बसलेला असतो. हाकेसरशी एक पोरगा येतो, हँडल धरतो, गाडी स्टँडवरून उचलून सरळ करतो आणि तशीच धरून ठेवतो. मिस्त्री तेलाची पातळी बघतो, एखादा बोल्ट आवळतो, पुन्हा बघतो. तेवढा वेळ त्या पोराला दुसरं काही करता येत नाही. गाडी पडू न देणं एवढंच त्याचं काम. पण तो नसेल तर मिस्त्रीचंही काम अडतं.

त्या पोराचं काम करणारी एक लोखंडी चौकट असते, तिचं नाव व्हील चॉक. गाडी ढकलत आणायची, पुढचं चाक चौकटीत घालायचं, आणि हात सोडून द्यायचा. साइड स्टँड वर, मेन स्टँड वर, आणि तरीही गाडी सरळ उभी. परदेशात हौशी मोटरसायकलस्वारांच्या घरच्या गॅरेजात ही वस्तू सर्रास दिसते. आपल्याकडे दुचाकी घरोघरी, पण चॉक मात्र फार थोड्यांनी पाहिलेला. म्हणून त्याची ही सविस्तर ओळख.

पाच किलो आणि पन्नास किलो

मोटरसायकल जमिनीला दोनच जागी टेकते, तीही हाताच्या तळव्याएवढ्या जागेत. वेगात असताना ती हँडलच्या बारीक हालचालींनी स्वतःला सावरते. थांबली की ते सावरणं संपतं आणि ती कुठल्यातरी बाजूला जाणारच. साइड स्टँड तिला डावीकडे कलू देतो आणि त्या कललेल्या अवस्थेतच टेकू देतो. मेन स्टँड मागचं चाक उचलून तिला दोन पाय देतो. चॉकची पद्धत या दोन्हींहून वेगळी आहे. तो गाडीला कलूच देत नाही.

यामागचा हिशोब बघण्यासारखा आहे. रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटीमीटरवर आहे असं धरू. ती सरळ उभी असताना १ अंश कलली, तर जमिनीपासून ४० सेंटीमीटर उंचीवर टायरला बाजूने साधारण ५ किलोंचा आधार मिळाला तरी ती तिथेच थांबते. तीच गाडी १० अंश कलली की तेवढ्याच उंचीवर ५० किलोंचा आधार लागतो. म्हणूनच सरळ उभी बुलेट बारीक चणीची मुलगीही दोन बोटांनी तोलू शकते, आणि एकदा कलू लागलेली बुलेट धडधाकट माणसाच्याही हातून निसटते. चॉकला अवजड गाडी पेलायची नसतेच. त्या पहिल्या अंशाला ती अडवली की पुढचं सगळं टळतं. एवढ्या साध्या चौकटीने एवढी जड गाडी सांभाळण्याचं गुपित हेच आहे.

दुसरी गोष्ट हँडलची. उभी गाडी पडते तेव्हा पुष्कळदा आधी हँडल फिरतं. फोर्क तिरका बसवलेला असल्यामुळे हँडल वळलं की गाडीचं पुढचं तोंड त्या बाजूला खाली जातं आणि तोल बिघडतो. चॉकच्या दोन बाह्या टायरला दोन्ही अंगांनी घट्ट धरतात, त्यामुळे पुढचं चाक वळतच नाही. मागच्या टायरची जमिनीवरची पकड उरलेलं काम करते. म्हणून चॉकवर गाडी लावताना मागच्या चाकाखाली ऑइल सांडलेलं नाही ना, एवढं बघून घ्यावं. मागचं टायर बाजूला घसरलं तर पुढच्या बाह्यांच्या घट्टपणाचा उपयोग राहत नाही.

पाळणा कसा चालतो

चॉकचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला अगदी साधा. जमिनीला किंवा ट्रेलरच्या तळाला बोल्टने पक्की केलेली पाईपची कमान. चाक तिच्यात जाऊन अडकतं, पण मागे यायला त्याला कोणी अडवत नाही. अशा कमानीत गाडी घातली तरी पट्ट्याने बांधेपर्यंत एक हात तिच्यावर ठेवावाच लागतो.

दुसरा प्रकार खरा कामाचा. त्यात चौकटीच्या मध्यावर एका आडव्या पिनवर झुलणारा पाळणा असतो. बागेतला सी-सॉ जसा एका टोकाला बसलं की दुसऱ्या टोकाने वर येतो, तसाच हा. रिकामा असताना पाळण्याचं मागचं टोक जमिनीला टेकलेलं असतं. चाक त्या टोकावरून चढून पिनच्या पुढे गेलं की पाळणा पुढच्या बाजूला खाली जातो आणि मागचं टोक वर येऊन टायरच्या मागे बसतं. आता चाक पुढे जाऊ शकत नाही, कारण समोर उभा आडोसा आहे. मागे येऊ शकत नाही, कारण मागे पाळण्याचं टोक आहे. डावीउजवीकडे बाह्या आहेत. यात स्प्रिंग नाही, कुलूप नाही, मोटर नाही. गाडीचं स्वतःचं वजन हेच तिचं कुलूप. गाडी बाहेर काढताना मागे एक जोरदार ओढ द्यायची, पाळणा उलटा झुकतो आणि चाक सुटतं. नवख्या माणसाने गाडीवर बसून, दोन्ही पाय जमिनीला टेकवून ही ओढ द्यावी, म्हणजे सुटलेली गाडी अंगावर येत नाही.

सगळ्या गाड्यांची चाकं सारखी नसतात. स्प्लेंडरचं पुढचं टायर ८० मिलिमीटर रुंद आणि चाक १८ इंची, क्लासिक ३५० चं १०० मिलिमीटर आणि १९ इंची, केटीएमच्या ३९० ड्यूकचं ११० मिलिमीटर आणि १७ इंची. म्हणून चांगल्या चॉकमध्ये पाळणा आणि पुढचा आडोसा मागेपुढे सरकवायला भोकांची ओळ आणि पिन दिलेली असते. ही जुळणी मनापासून करायला हवी. बाह्या आणि टायर यांच्यात फट राहिली तर गाडी त्या फटीएवढी कलते, आणि वर सांगितलेला हिशोब उलटतो. जुळणी चाकाच्या मापाची नसेल तर पाळणा पूर्ण झुकतच नाही. गाडी अडकल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात अडकलेली नसते. म्हणून हात सोडण्याआधी गाडी पुढेमागे आणि बाजूला हलवून बघायची, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

जुनं घराणं

पुढचं चाक धरून वाहन उभं ठेवायची कल्पना आपल्याला नवी नाही. शाळा, कचेऱ्या, चित्रपटगृहं यांच्या आवारातले जुने सायकल स्टँड आठवावेत. लोखंडी गजांच्या खाचा, आणि प्रत्येक खाचेत एक पुढचं चाक. त्यात एक दोष होता. गज चाकाला खाली, अरुंद जागी धरायचे. शेजारच्या सायकलचा धक्का लागला की सगळा ताण पातळ रिमवर यायचा आणि चाकाला वाक यायचा. मोटरसायकलच्या चॉकने हा दोष दूर केला. त्याच्या बाह्या उंच असतात, टायरला लांबवर धरतात, आणि मोटरसायकलचं रिमही तो ताण सहज सोसतं.

घाटात थांबलेल्या मालट्रकच्या चाकाखाली दगड सरकवणारा क्लीनर हाही याच घराण्यातला. पण तो दगड वाहनाला फक्त घरंगळण्यापासून रोखतो. चार चाकांच्या वाहनाला तेवढं पुरतं. दोन चाकांना त्याशिवाय पडण्यापासूनही वाचवावं लागतं, आणि ही दोन्ही कामं मोटरसायकलचा चॉक एकाच वेळी करतो.

गॅरेजात

आज या वस्तूची गरज पूर्वीपेक्षा वाढली आहे, कारण बऱ्याच नव्या गाड्यांना मेन स्टँडच नसतो. पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होणारी केटीएम ड्यूक २०१२ मध्ये आपल्या बाजारात आली. तिला फक्त साइड स्टँड. वजन कमी ठेवायचं आणि वळणावर खाली काही घासू नये, यासाठी स्पोर्ट प्रकारच्या अनेक गाड्यांची घडण अशीच असते. पण इंजिन ऑइलची पातळी गाडी सरळ उभी असतानाच बघायची असते. साइड स्टँडवर ऑइल डावीकडे जमा होतं आणि काचेत दिसणारी पातळी फसवते. हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीचंही तसंच. चॉकवर लावलेल्या गाडीचं हे सगळं एकट्याने, निवांत बघता येतं. एक बारकावा ध्यानात ठेवावा. पाळण्यामुळे पुढचं चाक थोडं वर उचललेलं असतं. म्हणून ऑइल बघताना मागच्या चाकाखाली तेवढ्याच जाडीची फळी सरकवायची, म्हणजे गाडी पुढूनमागून समतल होते.

धुणं, पॉलिश, बॅटरी, सीटखालची वायरिंग ही सगळी कामं चॉकवर सोपी होतात, कारण गाडीच्या दोन्ही बाजू सारख्याच मोकळ्या मिळतात. एक काम मात्र चॉक करत नाही. तो मागचं चाक उचलत नाही, त्यामुळे चेन साफ करायला आणि तिला ऑइल द्यायला मागचा पॅडॉक स्टँड लागतोच. आणि इथे या दोघांची जोडी छान जमते. एकट्याने पॅडॉक स्टँड लावताना एका हाताने गाडी सरळ धरावी लागते आणि दुसऱ्याने स्टँड दाबावा लागतो. पुढचं चाक चॉकमध्ये असेल तर दोन्ही हात स्टँडला मिळतात.

टेम्पोत

चॉकची खरी परीक्षा वाहतुकीत होते. बदली झाली, शिक्षण संपलं, की गाडी एका शहरातून दुसऱ्या शहरात न्यायची वेळ येते. रेल्वे पार्सलने पाठवायची तर टाकीतलं पेट्रोल काढून, गोणपाटात बांधून. नाहीतर छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस टेम्पो, आहेच. २००५ मध्ये आलेल्या टाटा एसचा हौदा साधारण सात फुटांचा, आणि क्लासिक ३५० ची लांबी २,१४५ मिलिमीटर, म्हणजे जवळपास तेवढीच. चॉक पुढे बसवला की गाडी किंचित तिरकी लावावी लागते किंवा मागचं फाळकं उघडं ठेवावं लागतं. ही अडचण खरी आहे. पण फळीवरून गाडी चढवल्यावर पहिली भीती असते ती हात सोडण्याची. दोघं गाडी धरून उभे, तिसरा दोर शोधतोय, टेम्पो जरा हलला की तिघं ओरडतायत. चॉक असेल तर चाक वर पोचताच अडकतं आणि बांधणारा शांतपणे बांधू शकतो.

मात्र बांधावं लागतंच, यात तडजोड नको. टेम्पोने जोरात ब्रेक दाबला आणि वेग गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या दराने उतरला, तर १९५ किलोंची गाडी सुमारे ९७ किलोंच्या जोराने पुढे रेटते. तो रेटा चॉकचा आडोसा घेतो. पण वळणावर गुरुत्वाकर्षणाच्या ०.३ पट बाजूचा ओढा बसला, तर गाडीला आडवं पाडणारा जोर १ अंश कललेल्या उभ्या गाडीच्या सुमारे १७ पट होतो. तो एकट्या चॉकने सोसावा ही अपेक्षा चुकीची. तिथे चार रॅचेट पट्टे हवेत. पुढचे दोन फोर्कचे पाइप जोडणाऱ्या खालच्या ‘टी’पासून दोन्ही बाजूंना, खाली आणि पुढे ओढलेले. मागचे दोन फ्रेमच्या पक्क्या भागाला. पुढचे शॉकअप निम्म्याच्या आसपास दबतील एवढंच ताणायचं. अगदी तळाला दाबले तर ऑइल सीलवर ताण येतो. पट्टा ब्रेकच्या पाइपवरून किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलवरून जाऊ नये. थोडं अंतर गेल्यावर थांबून पट्टे पुन्हा आवळायचे, कारण गाडी बसते आणि पट्टे सैल होतात.

साइड स्टँडवर उभी करून वरून दोर आवळायची पद्धत फार रूढ आहे, आणि तीच सर्वांत धोक्याची. दोराचा ताण आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका त्या एका बारीक पायावर येतो. स्टँड वाकतो, त्याचा ब्रॅकेट चिरतो, कधी फ्रेमलाही इजा होते. गाडी बांधताना साइड स्टँड वरच असला पाहिजे.

करून घ्यायचा तर

चॉक विकत मिळतो. नेदरलँड्सच्या एसबाइक्स कंपनीचा ‘स्टेडीस्टँड’ त्यातला प्रसिद्ध. पण ही वस्तू आपल्याकडच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात सहज होण्यासारखी आहे. चौकोनी पाईप, जाड पट्टी, एक बुश, दोन पिना आणि स्वच्छ वेल्डिंग. भोसरीपासून कोल्हापूरच्या उद्यमनगरापर्यंत हे काम ज्यांच्या हातचा मळ आहे असे कारागीर गल्लोगल्ली आहेत. करून घेताना आपली गाडी सोबत न्यावी. बाह्या डिस्कला किंवा एबीएसच्या सेन्सरला लागता कामा नयेत, आडोसा मडगार्डला टेकता कामा नये. तळ रुंद असावा. गुळगुळीत फरशीवर चॉक सरकतो, तिथे खाली जाड रबर द्यावं किंवा तो बोल्टने पक्का करावा.

मला या वस्तूचं मोल वाटतं ते एका कारणासाठी. आपल्याकडे दुचाकी सांभाळणं हे अजूनही धडधाकट माणसाचं, आणि तेही दोघांचं काम मानलं जातं. उंची कमी असलेली मुलगी, गुडघे दुखणारे काका, एकटा राहणारा विद्यार्थी, यांना गाडीचं साधं ऑइल बघायचं तरी कोणाला तरी हाक मारावी लागते, आणि मग ते काम राहूनच जातं. हिशोब सांगतो की यात ताकदीचा प्रश्न मुळात नव्हताच. पाच किलोंचा आधार वेळेवर आणि योग्य जागी मिळण्याचा तो प्रश्न होता. प्रत्येक गृहसंकुलाच्या पार्किंगमध्ये हवा भरायच्या पंपाशेजारी एक सामाईक चॉक ठेवायला काहीच हरकत नाही. दुचाकी वाहून नेणाऱ्या प्रत्येक टेम्पोत दोराच्या गुंडाळीबरोबर एक चॉक आणि चार पट्टे असायलाच हवेत. आणि गॅरेजात तो आला, तर हँडल धरून उभ्या राहणाऱ्या पोराच्या हातात पाना देता येईल. काम शिकायलाच तर तो तिथे आलेला असतो.