मराठ्यांचा दर्या : लेखांक ५ — कान्होजी आंग्रे आणि शत्रूंनी लिहिलेली कथा

ब्रिटिश नौसेनानी थॉमस कॉक्रेन याच्या जहाजावर उमेदवारी केलेल्या फ्रेडरिक मॅरिएटने पुढे सागरी कादंबऱ्या लिहिल्या, आणि कॉक्रेनचे साहस त्याच्या स्वतःच्या माणसाच्या लेखणीतून इंग्रजी साहित्यात अजरामर झाले. सरखेल, म्हणजे आरमाराचे सरदार, कान्होजी आंग्रे यांना असे भाग्य लाभले नाही. त्यांच्याविरुद्धच्या मोहिमांत सामील असलेल्या क्लेमेंट डाउनिंगने १७३७ मध्ये लंडनला छापलेल्या पुस्तकात त्यांना सरळ चाचा, म्हणजे समुद्री लुटारू, ठरवले आणि पुढील इंग्रजी कथाकारांनी तोच शिक्का उचलला.

हा शिक्का कितपत खरा, हे दस्तकाच्या पद्धतीवरून ठरते. दस्तक म्हणजे जकात भरून मिळणारा समुद्रसंचाराचा परवाना. कोकणच्या पाण्यावर छत्रपतींची सत्ता असल्याने येथून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी तो घ्यावा, असा कान्होजींचा आग्रह होता. पोर्तुगीजांनी हाच हक्क त्याआधी दोन शतके बजावला होता, पण त्यांना कोणी चाचे म्हटले नाही.

साहसाची सामग्री मात्र विपुल आहे. कान्होजींचे बळ दोन प्रकारच्या नौकांवर उभे होते : गुराब ही नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, तोफा चढवलेली दोन-तीन डोलकाठ्यांची युद्धनौका, तर गलबत ही वल्ह्यांनीही चालणारी हलकी नौका. वारा पडला की अवजड युरोपीय जहाज जागीच खिळून राही, आणि तेव्हा गलबते गुराबांना ओढत त्याच्या पिछाडीस आणीत, जेथे त्याच्या बाजूच्या तोफा निरुपयोगी ठरत; मग डोलकाठ्या व शिडे फोडून सैनिक जहाजावर चढत. १७१२ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौकाच त्यांनी पकडली आणि तीवरील एका इंग्रज विधवेच्या सुटकेसाठी ईस्ट इंडिया कंपनीला ३०,००० रुपये मोजावे लागले.

गव्हर्नर चार्ल्स बूनने १७१७ मध्ये विजयदुर्गावर आणि १७१८ मध्ये खांदेरीवर केलेले हल्ले फसले. १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन, कमोडोर मॅथ्यूजच्या राजनौकांसह कुलाब्यावर केलेली संयुक्त चढाईही बाजीराव पेशव्यांची फौज मदतीस आल्याने उधळली गेली आणि त्यानंतर पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूस ठेवून मराठ्यांशी स्वतंत्र तह केला.

हर्बर्ट स्ट्रँग या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकद्वयाने १९०६ मधील कादंबरीत आंग्र्यांचा विजयदुर्ग रंगवला, आणि २००७ च्या एका हॉलिवूडपटातील चाच्यास कान्होजींच्या पुत्राचे, संभाजीचे, नाव मिळाले. नायकत्व मात्र दोन्हीकडे परक्यांचेच राहिले. चाचेगिरीचा आरोप इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. १७२९ मध्ये कान्होजींचे निधन होईपर्यंत विजयदुर्ग, खांदेरी आणि कुलाबा यांपैकी एकही किल्ला शत्रूच्या हाती पडला नव्हता.